चुकीच्या पुडीतून सापडलेले तापाचे औषध

अंग तापले की आपण घरातली पॅरासिटामॉलची गोळी घेतो. थोड्या वेळात घाम येतो, ताप उतरतो. या गोळीच्या इतिहासाची सुरुवात एका चुकीतून झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

साल १८८६. स्ट्रासबर्ग तेव्हा जर्मनीत होते. तिथे कान आणि हेप हे दोन तरुण डॉक्टर पोटातल्या जंतांवर नॅप्थलीन देऊन पाहत होते. नॅप्थलीन म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या! (कृपया घरी हा प्रयोग नको.) एका रुग्णाचा ताप मात्र अनपेक्षितपणे झपाट्याने उतरला. शोध घेतल्यावर कळले, की औषधाच्या दुकानातून चुकून भलतीच पूड आली होती. ती होती अ‍ॅसिटॅनिलाइड, रंगांच्या कारखान्यांच्या ओळखीचे एक स्वस्त रसायन.

लगेच ते ‘अँटिफेब्रिन’ नावाने विकले जाऊ लागले. पण काही रुग्णांचे ओठ आणि नखे निळी पडू लागली. या औषधामुळे रक्तातले हिमोग्लोबिन बदलते आणि त्याला प्राणवायू वाहता येत नाही. म्हणून १८८७ मध्ये बायर कंपनीचे फेनासेटिन आले. ते बरेच सौम्य वाटले आणि अनेक दशके खपले. तुमच्या घरातल्या ज्येष्ठांना ‘एपीसी’ची गोळी आठवत असेल. त्यातला ‘पी’ म्हणजे हेच फेनासेटिन. वर्षानुवर्षे ते घेणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे १९५० नंतर लक्षात येत गेले. आज भारतातही त्यावर बंदी आहे.

मला खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. पॅरासिटामॉल तेव्हाही उपलब्ध होते! १८९३ मध्ये फॉन मेरिंग यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले, पण यानेही रक्त बिघडते असे मत दिले आणि ते मागे पडले. बहुधा त्यांच्या नमुन्यातच भेसळ असावी. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवले, की अ‍ॅसिटॅनिलाइडचे शरीरात मुख्यतः पॅरासिटामॉल होते आणि गुण येतो तो त्याचाच. रक्त बिघडवणारा पदार्थ वेगळाच. फेनासेटिनचेही तेच निघाले. म्हणजे अर्धे शतक लोक योग्य औषधच घेत होते, फक्त सोबत विषही गिळत होते.

पॅरासिटामॉलही जास्त झाले तर यकृताला गंभीर इजा करते. सर्दीच्या बऱ्याच मिश्र गोळ्यांत ते आधीच असते, तेव्हा तापासाठी वेगळी गोळी घेण्यापूर्वी पाकिटावरची नावे वाचा.