खेळातला बगळा आणि इतिहासातला बगळा



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, सरांना या वयात हे काय सुचलं? व्हिडिओ गेममधले पक्षी! पण प्रश्न जुनाच आहे. मनोरंजनासाठी रचलेल्या गोष्टीत वस्तुस्थिती किती खरी असावी, आणि चूक झाली तर कोणती चूक मोठी मानायची?

उदाहरण एकच घेऊ. 'रेड डेड रिडेम्प्शन २' हा रॉकस्टार कंपनीचा खेळ २०१८ साली आला. मी तो स्वतः खेळलेलो नाही, बोटं तेवढी चालत नाहीत. शेजारी बसून पुष्कळ पाहिला आहे. काळ १८९९चा, देश अमेरिका. उपसंहाराचा भाग १९०७ मध्ये घडतो. राज्यांची आणि शहरांची नावं कल्पित आहेत, पण दक्षिणेकडची दलदल पाहिली की लुइझियाना लगेच ओळखू येतं. त्या जगात जवळजवळ दोनशे प्रकारचे प्राणी-पक्षी फिरत असतात.

लोक यातून शिकतात का? शिकतात. इंग्लंडमधल्या काही संशोधकांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जवळपास सहाशे जणांना पंधरा प्राण्यांची छायाचित्रं दाखवली. हा खेळ खेळलेल्यांनी न खेळलेल्यांपेक्षा सरासरी तीन प्राणी जास्त ओळखले. म्हणजे इथे एक प्रकारचं शिक्षण चाललेलं आहे, कुणी ठरवलेलं असो वा नसो. म्हणून ते तपासायला हवं.

आता चूक बघू. या खेळात तीन प्रकारचे बगळे आहेत. स्नोई इग्रेट आणि रेडिश इग्रेट हे अमेरिकेचेच. तिसरा लिटल इग्रेट. हा कोण? हा आपला लहान बगळा! काळी चोच, काळे पाय आणि पायांचे पंजे पिवळे. भाताच्या खाचरात, खाडीच्या कडेला आपण रोज बघतो तोच. तो युरोप, आफ्रिका, आशियातला. अमेरिकेच्या बाजूला त्याची नोंद विसाव्या शतकाच्या मध्यात होऊ लागली. तेव्हा १८९९ सालच्या लुइझियानात तो उभा असणं ही चूक आहे. स्नोई इग्रेट दिसायला त्याच्यासारखाच असतो. डोळा आणि चोच यांच्यामधली उघडी कातडी त्याची पिवळी, याची राखाडी. चूक कशी झाली असेल हे समजण्यासारखं आहे.

इथे ॲरिस्टॉटल आठवतो. 'पोएटिक्स'च्या पंचविसाव्या प्रकरणात तो दोन प्रकारच्या चुका वेगळ्या करतो. हरिणीला शिंगं नसतात हे चित्रकाराला माहीत नसेल, तर तो दोष किरकोळ. पण ती हरिणी आहे हेच ओळखू येऊ नये असं चित्र काढलं, तर तो दोष कलेचा. या हिशेबाने लिटल इग्रेट म्हणजे शिंगं असलेली हरिणी. पक्षीनिरीक्षक दात-ओठ खातील, बाकी काही बिघडत नाही.

मग बिघडतं कुठे? त्यासाठी त्या काळाकडे जावं लागेल.

खेळात एक माणूस बगळ्यांची, करकोच्यासारख्या हेरन पक्ष्यांची, स्पूनबिलची पिसं आणून द्यायला सांगतो. हे शंभर टक्के इतिहासाला धरून आहे. तेव्हा श्रीमंत बायकांच्या टोप्यांवर पिसंच काय, अख्खे पक्षी असायचे. फ्रँक चॅपमन नावाचा पक्षितज्ज्ञ १८८६ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपारी फिरला आणि त्याने टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती, आणि त्यात ४० जातींचे पक्षी त्याने ओळखले. शिकवताना मी हे उदाहरण द्यायचो, कारण निरीक्षण म्हणजे काय ते यात दिसतं. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही, रस्त्यावरून चालायचं आणि मोजायचं. पुढे बगळ्याच्या पिसांचा भाव इतका चढला की वजनाला सोन्याच्या दुप्पट किंमत मिळू लागली.

पण ही पिसं बगळ्याला बारा महिने नसतात, मंडळी. ती विणीच्या हंगामात येतात. म्हणजे शिकारी जायचे कधी? घरट्यात पिल्लं असताना. आणि बगळे एकेकटे घरटं करत नाहीत, एकाच झाडीत शेकड्यांनी करतात. मोठे पक्षी मारले, पिसं उपटली, की वर घरट्यात पिल्लं उपाशी मरायची. एका टोपीमागे दोन पिढ्या जायच्या. बगळे इतक्या झपाट्याने का संपत आले, याचं कारण या एका वस्तुस्थितीत आहे.

आणि नेमकी हीच वस्तुस्थिती खेळात नाही. तिथे ऋतूच नाहीत. कुठल्याही दिवशी बगळा मारा, पीस मिळतं. आणि पुन्हा काही दिवसांनी त्या दलदलीत गेलात तर बगळे पुन्हा उभे! पक्ष्याचा रंग बरोबर, चाल बरोबर, पीस बरोबर; फक्त तो संपू शकतो एवढंच तिथे खरं नाही. ॲरिस्टॉटलच्या भाषेत बोलायचं तर शिंगांची चूक क्षम्य, पण इथे हरिणीच ओळखू येत नाही. कारण १८९९ सालच्या बगळ्याची ओळखच ही होती की तो संपत चालला होता.

आता कुणी म्हणेल, सर, खेळ आहे तो, प्राणी संपले तर खेळायचं काय? बरोबर आहे. पण त्याच खेळात एक पक्षी असा आहे की जो संपतो. कॅरोलिना पॅराकीट. हिरवं अंग, पिवळं डोकं, चेहऱ्यावर केशरी छटा असलेला पोपट. त्याला ठराविक संख्येपर्यंत मारलं की तो त्या जगात पुन्हा कधीच येत नाही. म्हणजे खेळ करणाऱ्यांना ही गोष्ट माहीत होती, आणि करताही येत होती. हे मला फार मोलाचं वाटतं. न सांगता, न उपदेश करता, 'कधीच नाही' म्हणजे काय ते खेळणाऱ्याला कळतं.

मात्र त्यातही अर्धंच सत्य आहे. हा पोपट खरोखर कसा गेला? जंगलं तुटली. फळबागांवर थवे उतरायचे म्हणून शेतकऱ्यांनी गोळ्या घातल्या. टोप्यांसाठी मारले, पिंजऱ्यासाठी पकडले. त्याचा एक स्वभाव जॉन जेम्स ऑडुबॉनने लिहून ठेवला आहे: थव्यातला एक पडला की बाकीचे उडून न जाता त्याच्याभोवतीच घिरट्या घालायचे. त्यामुळे अख्खा थवा मारला जायचा. १८९९ पर्यंत तो मुख्यतः फ्लोरिडात उरला होता. पिंजऱ्यातला शेवटचा, त्याचं नाव इंकास, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात २१ फेब्रुवारी १९१८ रोजी मेला. त्याच संग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मार्था ही शेवटची पॅसेंजर कबूतर मेली होती.

खेळात तो एका बंदुकीने संपतो आणि अपराधी कोण ते स्पष्ट असतं. इतिहासात तसं नव्हतं. प्रत्येकाने आपापलं थोडंसंच केलं. बाग राखणाऱ्याने बाग राखली, टोपी विकणाऱ्याने टोपी विकली. आपण शेवटचा थवा मारतो आहोत, हे मारणाऱ्यालाही माहीत नसणार. आज आपल्या भोवती जे संपतं आहे तेही असंच, कुणा एकाच्या हातून नाही. म्हणून ही चूक मला लिटल इग्रेटपेक्षा कितीतरी मोठी वाटते.

आणखी एक गंमत. खेळाच्या दोन काळांच्या मधल्या आठ वर्षांत, १८९९ ते १९०७, खऱ्या अमेरिकेत काय झालं? १९०० साली लेसी कायदा आला; राज्याचा कायदा मोडून मारलेले पक्षी दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरलं. १९०३ मध्ये थिओडोर रूझवेल्टने फ्लोरिडातलं पेलिकन बेट राखीव केलं. ८ जुलै १९०५ रोजी गाय ब्रॅडली हा बगळ्यांचा रखवालदार फ्लोरिडात गोळी लागून मेला. आरोपीवर खटलासुद्धा उभा राहिला नाही. या सगळ्याची सुरुवात १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोन बायकांनी केली होती. त्यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावलं आणि पिसांची टोपी घालू नका म्हणून गळ घातली. आणि बगळे वाचले. तो पोपट वाचला नाही, बगळे वाचले.

आता आपल्या लहान बगळ्याकडे परत येऊ. तो जिवंत अमेरिकेत नव्हता, पण पिसांच्या बाजारात होता. लंडनच्या लिलावात आशियातली पिसं यायची. सिंधमध्ये पिसांसाठी बगळे पाळले जात. १९०२ साली ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. म्हणजे दलदलीत उभा असलेला लिटल इग्रेट खोटा, पण शहरातल्या टोपीवर त्याचं पीस असतं तर ते खरं असू शकलं असतं. तपशील चुकला की कधी कधी तो अशा वाटेने घरी परत येतो.

शेवटी एवढंच. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. ज्याला वस्तू माहीत आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायन म्हणतो, तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण एकच. खेळ करणाऱ्याला माहिती असते, पण त्याची पहिली इच्छा रमवण्याची असते. म्हणून तो अर्धा आप्त. उरलेलं अर्धं काम आपलं. मुलांना 'हे खोटं आहे, बंद कर' म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा, हा बगळा पुन्हा कसा काय आला रे?