विनोदाची जुगलबंदी : सी. रामचंद्र आणि गोमंतकीय वादक

विनोद हा मोठा घरकोंबडा प्राणी आहे. शोक, प्रेम, भक्ति ह्या भावना परक्या भाषेच्या उंबरठ्यावरून सहज आंत येतात. विनोदाला मात्र तेथेंच ठेंच लागते. एका घरांत ज्या वाक्यानें हंशा पिकतो, तें शेजारच्या घरांत नेलें तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात. म्हणूनच दोन निराळ्या संस्कृतींचीं माणसें एकाच थट्टेला एकाच वेळीं हंसूं लागलीं, कीं त्यांच्यांत खरी मैत्री जडली असें खुशाल समजावें. अशा मैत्रीचा पुरावा इतिहासाच्या दप्तरांत क्वचितच सांपडतो. सुदैवानें मुंबईंतील एका मैत्रीचा पुरावा शिल्लक राहिला आहे. तो कागदावर नसून लाखेच्या काळ्या तबकड्यांवर आहे. १९४७ ते १९५७ ह्या दहा वर्षांत निघालेल्या त्या तबकड्या एका महाराष्ट्रीय संगीतकारानें आणि त्याच्या गोमंतकीय सोबत्यांनीं मिळून घडविल्या.

हा संगीतकार म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, चित्रपटांच्या जगांत सी. रामचंद्र आणि स्नेह्यांच्या मंडळींत अण्णा. त्यांचा जन्म १९१८ सालीं नगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथें झाला. गाण्याचे धडे त्यांनीं विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखालीं घेतले. पुढें मुंबईस मिनर्व्हा मूव्हीटोनमध्यें मीरसाहेब आणि हबीब खान ह्यांचे साहाय्यक म्हणून त्यांनीं उमेदवारी केली. १९४२ च्या 'सुखी जीवन' ह्या चित्रपटापासून भगवान पालव ह्यांच्याशीं त्यांची जोडी जमली. शास्त्रोक्त गायकीची तालीम, कीर्तनाचे व नाट्यपदांचे संस्कार, आणि त्यांच्या जोडीला तमाशांतील सोंगाड्याची हजरजबाबी थट्टा, अशी चितळकरांची शिदोरी होती. मराठी माणसाचा विनोद तिरकस असतो. तो हंसवतांना कोपरखळी मारतो. गौळणीची वाट अडविणारा पेंद्या आणि त्याला सडेतोड उत्तर देणारी गौळण हीं ह्या विनोदाचीं मूळपीठें होत.

दुसऱ्या बाजूची शिदोरी अगदीं वेगळी होती. गोव्यांत चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना लहानपणींच सोल्फेज शिकवीत. स्वरलेखन वाचतां येणें आणि व्हायोलिनवर हात बसणें हें तेथें अक्षरओळखीइतकेंच साधें मानलें जाई. पोर्तुगीज राजवटींत पोटापाण्याचीं साधनें तोकडीं असल्यामुळें हीं मुलें मोठीं झालीं कीं मुंबई गांठीत आणि धोबी तलावाच्या आसपास आपापल्या गांवच्या कुडांत उतरत. त्यांचा विनोदहि त्यांच्याबरोबर येई. कोंकणी तियात्राचा जन्म गोव्यांत नव्हे, तर १८९२ सालीं मुंबईंतच 'इटालियन भुर्गो' ह्या खेळानें झाला. तियात्राच्या दोन प्रवेशांमध्यें गायल्या जाणाऱ्या कांतारांतून पाद्री, भाटकार, खलाशी, सासू ह्यांपैकीं कोणीहि सुटत नसे. थट्टेला चाल लावून ती रंगभूमीवरून गाण्याची ही रीत गोमंतकीय वादकाच्या अंगीं मुरलेली होती.

ह्या शिदोरींत अमेरिकेनें आणखी एक जिन्नस घातला. १९३५ सालीं लिऑन ॲबी ह्यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड ह्यांचेंहि वादन तेथें होऊं लागलें. ते पुढें १९४५ सालीं कलकत्त्यास वारले. फ्रँक फर्नांड ह्यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनीं ह्या मंडळींच्या शेजारीं बसून जाझ आत्मसात् केलें. हळदोणें गांवचे अँटोनियो झेवियर वाझ हे तर ट्रंपेट, घोगरा आवाज आणि हातांतील रुमाल ह्यांसकट लुई आर्मस्ट्राँगची हुबेहूब छबी उभी करीत. मुंबई त्यांना 'चिक चॉकलेट' ह्या नांवानें ओळखूं लागली. नांवांतच गंमत असलेला हा माणूस चितळकरांचा साहाय्यक आणि जिवलग सोबती झाला.

हीं दोन टोकें जुळून येण्यास काळहि कारणीभूत झाला. १९४७ सालीं इंग्रज गेले. त्यांच्याबरोबर क्लबांतील नाच आणि संस्थानिकांचे बँड ओसरूं लागले. फाळणीनें लाहोरच्या हॉटेलांतील वादक मुंबईकडे लोटले. १९४९ च्या दारूबंदीच्या कायद्यानें मुंबईच्या उपाहारगृहांतील रात्रींचा रंग उडविला. ह्याच वेळीं चित्रपटांना मात्र मोठमोठ्या वाद्यवृंदांची गरज भासूं लागली होती. नाचघरांत ज्याची मिळकत बुडाली, त्याला चित्रनिर्मितिगृहाचें दार उघडें सांपडलें.

त्या दारापलीकडील कामाची पद्धत पाहण्यासारखी होती. संगीतकार पेटीवर चाल गाऊन दाखवी, ती सरगमींत बांधलेली असे. गोमंतकीय साहाय्यक ती ऐकतां ऐकतां पांच रेघांच्या कागदावर उतरवून घेई, तिला साथीच्या सुरांची जोड देई आणि प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा करी. मग गायक आणि सारे वादक एकाच वेळीं ध्वनिक्षेपकासमोर उभे राहत. एकाची चूक झाली कीं सर्वांना पुन्हां पहिल्यापासून आरंभ करावा लागे. येथें 'सा रे ग म' आणि 'दो रे मी फा' ह्यांची रोज गांठ पडे. दोन्हींकडे दुसरा स्वर 'रे'च. परंतु तिसऱ्या पायरीवर एक 'ग' म्हणे आणि दुसरा 'मी'. मराठी व कोंकणी ह्या तर सख्ख्या बहिणी; आणि बहिणींच्या बोलण्यांतच गैरसमजाला अधिक वाव असतो. गोंयकारानें 'माका नाका' म्हटलें तर त्याला एवढेंच सांगावयाचें असतें, कीं 'मला नको'. देशावरच्या माणसाला मात्र त्यांत मक्याचें कणीस आणि जकातीचा नाका दिसतो. मालवणकडच्या माणसाला ह्यांत कांहींच वावगें वाटत नाहीं, कारण 'माका' हा त्याच्याहि घरचाच शब्द. असल्या क्षुल्लक गोष्टींतून जो हंशा उसळतो, तोच माणसांना माणसांजवळ आणतो.

१९४७ सालीं 'शहनाई' चित्रपट आला. त्यांतील प्यारेलाल संतोषी ह्यांच्या रविवारच्या गाण्यानें देश डोलूं लागला. विलायती थाटाचा एक छैला तरुणीला पॅरिसची, अंडीं-कोंबडीची आणि मद्याची लालूच दाखवितो; ती त्याला धर्माचा दाखला देऊन झिडकारते. बारकाईनें पाहिलें तर ही आपली गौळणच होय. पेंद्यानें फेटा उतरवून हॅट घातली आहे, इतकेंच. हा ठेका नाचघरांतला, सवाल-जवाब तमाशांतले, आणि छैल्याचा आवाज स्वतः चितळकरांचा. ह्या थट्टेंत साहेबाची नक्कल करणारा जेवढा सांपडतो, तेवढीच सोंवळेपणाचा टेंभा मिरविणारीहि सांपडते. दोन्ही पक्षांच्या वादकांना ती एकत्र वाजवितां आली, ती ह्या समतोलामुळेंच.

१९४९ च्या 'पतंगा' चित्रपटांत राजेंद्र कृष्ण ह्यांच्या गीतांतील पति रंगूनहून डेहराडूनच्या पत्नीला टेलिफोन करतो. आज हें गाणें निव्वळ गंमत म्हणून ऐकलें जातें. परंतु १९४२ सालीं जपान्यांनीं रंगून घेतल्यावर लाखों हिंदी माणसें तेथून पळालीं होतीं. अनेकांनीं डोंगर-जंगलें पायीं तुडविलीं होतीं, अनेक वाटेंतच मेलीं होतीं. सात वर्षांनंतर त्याच रंगूनच्या नांवावर हंसतां आलें, ह्यांत जखम भरत आल्याची खूण आहे. पुढच्याच वर्षीं 'समाधि' आला. कथा आझाद हिंद सेनेची; पण त्यांत लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी ह्यांनीं गायलेल्या द्वंद्वगीताची चाल घेतली होती 'डॉल फेस' ह्या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटांतील कार्मेन मिरांडाच्या गाण्यावरून. ती उसनी होती हें लपविण्याचें कारण नाहीं; मात्र चितळकर व त्यांच्या वादकांनीं तिला अस्सल मुंबईचा पेहराव चढविला, हेंहि तितकेंच खरें.

१९५१ चा 'अलबेला' हा ह्या मैत्रीचा कळस होय. भगवानदादांचें तें सैल, अघळपघळ नृत्य गिरणगांवांतील कामगाराच्या अंगीं बसलें आणि पुढें गणपतीच्या मिरवणुकींत उतरलें. त्या नृत्याखालीं वाजतो तो मात्र जाझ व लॅटिन अमेरिकेचा ठेका. चिक चॉकलेट आपल्या वादकांसह ह्या चित्रपटांत प्रत्यक्ष पडद्यावरहि दिसतात. आणि ज्या लेखणीनें हा धांगडधिंगा लिहिला, तिनेंच त्यांतील पिलू रागांतली हळुवार अंगाईहि सजविली.

१९५७ च्या 'आशा' चित्रपटांतील 'ईना मीना डीका' ह्या गाण्याची हकीकत अशी सांगतात. तालमीच्या खोलीबाहेर मुलें खेळतांना इंग्रजी गणतीचे निरर्थक शब्द घोळवीत होतीं. ते चितळकरांच्या कानीं पडले. त्यांनीं व त्यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स ह्यांनीं त्यांची मोडतोड करून नवी अक्षरमाळ गुंफली. आणि गोम्स ह्यांनीं तिच्यांत 'मला नको' अशा अर्थाचे आपले घरचे दोन कोंकणी शब्द हळूच सोडून दिले. किशोरकुमार व आशा भोसले ह्या दोघांनीं तें गाणें वेगवेगळें गायलें. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत लोकांनीं हे शब्द निरर्थक समजून म्हटले. अर्थ कळत होता तो केवळ गोव्याला व कोंकणाला. आणि तेथला श्रोता गालांतल्या गालांत हंसत होता. दोन मित्रांची खाजगी थट्टा साऱ्या देशाच्या तोंडीं बसली, हें भाग्य फारच थोड्या विनोदांच्या वांट्याला येतें.

ह्या संगीताला विरोध झाला नाहीं असें नाहीं. आणि विरोधकांत मराठी माणूसच अग्रभागीं होता. नभोवाणीमंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर ह्यांच्या कारकीर्दींत १९५२ सालीं चित्रपटगीतें आकाशवाणीवरून दिसेनाशीं झालीं. राष्ट्राची अभिरुचि उंचवावी हा त्यांचा हेतु प्रामाणिक होता, आणि त्यांच्या आश्रयानें शास्त्रीय संगीताला मोठाच लाभ झाला. परंतु श्रोत्यांनीं आपले कांटे रेडिओ सिलोनकडे फिरविले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू झाली आणि हीं गाणीं मानानें परत आलीं. लोकांच्या हंसण्यावर सरकारी चौकी बसवितां येत नाहीं, हा धडा त्यांतून मिळाला.

मात्र ह्या मैत्रीच्या हिशेबांत एक बाकी राहून गेली. त्या काळीं तबकडीवरील कागदी चकतीवर गायकाचें नांव येणेंहि निश्चित नसे. १९४९ च्या 'महल'च्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागीं चित्रपटांतील पात्राचें 'कामिनी' हें नांव छापलें होतें. गायकांनीं झगडून आपला हक्क मिळविला. संगीतकाराचें नांव तर ठळक होतेंच. परंतु ज्यानें रात्र जागून वाद्यांचे कागद लिहिले आणि ज्याच्या फुंकरीनें गाणें उसळलें, त्याचें नांव त्या चकतीवर कधींच आलें नाहीं. त्याला रोजचें वेतन मिळे आणि तो घरीं जाई. उलट, ज्या गोमंतकीयानें चित्रपटाला सूर दिला, त्यालाच चित्रपटानें वर्षानुवर्षें झिंगलेल्या, मोडकी हिंदी बोलणाऱ्या पात्राचें सोंग दिलें. वाद्यवृंदाच्या खोलींत थट्टा दोघांची होती; पडद्यावर येतांना ती एकाचीच होऊन बसली. मित्राबरोबर हंसणें आणि मित्राला हंसणें ह्यांतील अंतर एका प्रत्ययाचें असलें, तरी माणुसकीच्या मापानें तें फार मोठें आहे.

ह्या बाकीची थोडीशी फेड १९७७ सालीं झाली. माजोर्डा गांवचे अँथनी गोन्साल्विस हे मुंबईंतील नामांकित व्हायोलिनवादक व वाद्यवृंदरचनाकार. १९५८ सालीं त्यांनीं सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारांत भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला होता. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' चित्रपटांतील विनोदी गाण्यांत नायकाचें नांव घालण्याची वेळ आली, तेव्हां तेथें ह्या गुरूचें नांव आलें. अंड्यांतून बाहेर पडणारा नायक आणि त्याची ती असंबद्ध इंग्रजी बडबड ह्यांवर लोक पोट धरून हंसले. त्यांतील थोड्याच जणांना ठाऊक होतें, कीं ही शिष्यानें गुरूला दिलेली दक्षिणा आहे. गोन्साल्विस २०१२ सालीं निवर्तले. परंतु ज्या वादकांचें नांव चकतीवर कधींच छापलें गेलें नाहीं, त्यांच्यापैकीं एकाचें तरी नांव अशा रीतीनें घरोघरीं पोंचलें.

चिक चॉकलेट १९६७ सालीं आणि चितळकर १९८२ सालीं हें जग सोडून गेले. त्या तबकड्या घडविणारी लाखहि कालबाह्य झाली. जुन्या बाजारांत एखादी तबकडी हातीं लागली, कीं वृद्ध माणसें 'गेले ते दिवस' म्हणून उसासा टाकतात. तो उसासा खोटा नाहीं. पण अपुरा आहे. त्या दिवसांत फाळणीचीं दुःखें होतीं, बुडालेल्या नोकऱ्या होत्या, अन्यायहि होता. जपून ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ह्या साऱ्यांतहि निराळ्या धर्माचीं, निराळ्या राजवटींत वाढलेलीं माणसें रोज सकाळीं एका खोलींत जमत आणि एकमेकांच्या भाषेची थट्टा करीत दुपारपर्यंत एक गाणें सिद्ध करीत. जुनी तबकडी लावावी ती ह्यासाठीं. आणि लावल्यावर गायकाच्या आवाजामागें जो ट्रंपेट खिदळतो, त्याच्याकडेहि क्षणभर कान द्यावा. चकतीवर त्याचें नांव नाहीं. तेव्हां तें लक्षांत ठेवण्याचें काम ऐकणाऱ्यांचेंच आहे.