काळ्या जादूगाराचा अल्बानिया



सुट्टीत नात आली होती. दिवसभर हॅरी पॉटर घेऊन बसायची. एकदा दुपारी पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, "आजी, अल्बानिया खरंच आहे, की तोही रचलेला?" मी जुना नकाशा काढला. ग्रीसच्या वर, इटलीच्या टाचेच्या समोर बोट ठेवलं. खरा देश निघाला म्हणून ती जरा हिरमुसलीच. मग म्हणाली, "तिथे वाईट माणसं राहतात का?"

ज्यांनी ही पुस्तकं वाचली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हरल्यावर व्होल्डेमॉर्ट लपतो तो अल्बानियाच्या जंगलात. चौथ्या भागात बर्था जॉर्किन्स नावाची सरकारी कर्मचारी सुट्टीला म्हणून तिकडे जाते आणि परत येत नाही. (तिच्या खात्याला तिचा शोध घ्यायची घाईही नसते. सरकारी खाती सगळीकडे सारखीच!) सातव्या भागात तर रेव्हनक्लॉचा मुकुट तिथल्याच एका झाडाच्या ढोलीत लपवलेला होता असं कळतं. सात पुस्तकांत मिळून अल्बानियाचं काम एवढंच. एकाही अल्बानियन माणसाशी आपली धड ओळख होत नाही.

हाच देश का? माझा आपला तर्क असा. इंग्रजी साहित्याला अल्बानियाच्या डोंगरांचं वेड जुनं आहे. कवी बायरन १८०९ मध्ये तिथे जाऊन आला आणि अली पाशाचा पाहुणचार घेऊन त्यानं त्यावर लिहिलं. पुढे एडिथ डरहॅम या बाईंनी १९०९ मध्ये उत्तरेकडच्या डोंगराळ भागावर पुस्तक काढलं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर एन्व्हर होक्साची राजवट आली ती १९८५ मध्ये तो मरेपर्यंत. आधी युगोस्लाव्हियाशी बिनसलं, मग रशियाशी, शेवटी चीनशीही. १९६७ मध्ये देवळं, मशिदी, चर्च सगळं बंद. सामान्य माणसाला खाजगी गाडी नाही, परदेशी जाणं नाही, आणि शत्रू येईल म्हणून रानोमाळ काँक्रीटचे बंकर. इंग्लंडमधल्या वाचकाला हा देश म्हणजे नकाशावरचा बंद दरवाजा. दरवाजामागे काहीही ठेवावं, कोण विचारतो! पहिलं पुस्तक आलं १९९७ मध्ये. त्याच वर्षी तिथे पैसे दामदुप्पट करून देणाऱ्या फसव्या योजना बुडाल्या, लोक रस्त्यावर आले, शस्त्रागारं लुटली गेली आणि सुमारे दोन हजार माणसं मेली.

पण नातीच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हे. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी अल्बानिया व्यापला, तरी तिथल्या लोकांनी ज्यूंना घरात ठेवून घेतलं. त्यांच्यात 'बेसा' म्हणून दिल्या शब्दाची रीत आहे. दाराशी आलेल्याला जपायचं म्हणजे जपायचं. त्यात मुसलमान घरं पुष्कळ होती. युद्ध संपलं तेव्हा तिथे ज्यूंची संख्या आधीपेक्षा वाढलेली होती.

दुसरी गोष्ट मदर तेरेसांची. शाळेत मी चौतीस वर्षं त्यांचा जन्म युगोस्लाव्हियातला असं सांगत आले. जन्म १९१०चा, स्कोप्येचा, तेव्हा ते गाव ऑटोमन साम्राज्यात होतं, आणि घर अल्बानियन. १९२८ मध्ये, अठराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. पुढे आई आणि बहीण तिराना इथे राहायला गेल्या आणि होक्साच्या राजवटीत अडकल्या. त्या दोघींना बाहेर पडू दिलं नाही आणि लेकीला आत येऊ दिलं नाही. आई १९७२ मध्ये गेली, बहीण पुढच्या वर्षी. मदर तिराना इथे पोचल्या त्या १९८९ मध्ये, कबरीपाशी.

नात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "एवढी वर्षं आईला भेटू दिलं नाही? मग व्होल्डेमॉर्ट तिथलाच होता की." मी म्हटलं, "अगं, पुस्तकातला तिथे नुसता लपायला गेला होता."

आता तिराना इथल्या विमानतळाला मदर तेरेसांचंच नाव आहे. तिनं ते नकाशाच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवलं आहे. नकाशा माझा जुना, युगोस्लाव्हिया त्यात अजून अखंडच आहे. असो.