लघवीच्या घाईवरील औषधांचा इतिहास

मूत्राशय भरत आले की त्याच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावतात आणि लघवी होते. ही आकुंचने मूत्राशय पुरते भरण्याआधीच, मनाविरुद्ध सुरू झाली, तर अचानक जोराची लघवी लागते, ती धरवत नाही, रात्रीही पुन्हापुन्हा उठावे लागते. या त्रासाला अतिसक्रिय मूत्राशय म्हणतात. हे नाव पॉल एब्रम्स आणि ॲलन वाइन या मूत्रविकारतज्ज्ञांनी 1990 च्या दशकात पुढे आणले आणि 2002 मध्ये इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने त्याची व्याख्या ठरवून दिली. त्यावरच्या औषधांचे मूळ मात्र याहून बरेच जुने, आणि ते विषारी वनस्पतींत आहे.

युरोपातील बेलाडोना ही त्यातली मुख्य वनस्पती. तिच्यातून 1831 साली मायन या जर्मन औषधनिर्मात्याने ॲट्रोपिन वेगळे काढले. आपल्याकडे महाशिवरात्रीला शंकराला वाहिला जाणारा धोतरा याच कुळातला असून त्यातही ॲट्रोपिन असते. धोतऱ्याचे बी पोटात गेलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, अंग तापते पण घाम येत नाही, माणूस असंबद्ध बडबडू लागतो आणि त्याची लघवी अडते. मूत्राशयावरच्या औषधांचा गुण आणि त्यांचे जवळपास सगळे दुष्परिणाम या एका विषबाधेत दिसतात.

असे का घडते, याचा उलगडा विसाव्या शतकात झाला. हेन्री डेल यांनी 1914 मध्ये ॲसिटिलकोलिन या द्रव्याच्या क्रियांचे वर्णन केले. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू आपला संदेश रासायनिक द्रव्यामार्फत पोहोचवतात हे दाखवले. दोघांना 1936 चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूत्राशयाला आकुंचनाचा आदेश मुख्यतः ॲसिटिलकोलिनच देते आणि ॲट्रोपिन त्याची वाट अडवते. पण लाळ, आतडी, डोळे, घाम आणि स्मरणशक्ती यांचे कामही त्याच द्रव्यावर चालते. मूत्राशय शांत करायचे आणि बाकी शरीराला धक्का लावायचा नाही, हाच पुढच्या सगळ्या संशोधनाचा खटाटोप राहिला.

ऑक्सिब्युटिनिन हे औषध आधी पोटातल्या मुरड्यासाठी तयार झाले होते. अमेरिकेत 1975 मध्ये त्याला मूत्राशयासाठी मान्यता मिळाली. गुण येई, पण तोंड इतके कोरडे पडे की अनेक रुग्ण गोळी मध्येच सोडून देत. गोळी यकृतातून जाताना तिचे जे रूपांतर होते, ते या कोरडेपणाला बरेचसे जबाबदार असते. म्हणून 1998 मध्ये हळूहळू विरघळणारी गोळी आली आणि 2003 मध्ये यकृताला वळसा घालणारा, त्वचेवर चिकटवायचा पॅच आला.

औषधसुरक्षेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा धडा टेरोडिलिन या औषधाने दिला. स्वीडनमध्ये हे औषध हृदयशूळावर वापरले जाई. ते घेणाऱ्यांना लघवी अडण्याचा त्रास होतो असे दिसल्यावर तोच दुष्परिणाम उपचार म्हणून वापरायचे ठरले आणि 1986 मध्ये ते ब्रिटनच्या बाजारात आले. घेणारे बहुतेक वयोवृद्ध होते. म्हातारपणी हे औषध शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. त्यातच कोणाला हृदयविकार असे, कोणाच्या रक्तात लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम कमी झालेले असे. अशा रुग्णांत हृदयाचे ठोके जीवघेणे अनियमित होऊ लागले. थॅलिडोमाइड या औषधाच्या दुर्घटनेनंतर, 1964 पासून, ब्रिटनमधील डॉक्टर औषधांचे दुष्परिणाम पिवळ्या कार्डावर सरकारला कळवत आले होते. टेरोडिलिनच्या तक्रारी याच मार्गाने जमा झाल्या आणि सप्टेंबर 1991 मध्ये औषध बाजारातून काढून घेतले गेले. जिवाला धोका नसलेल्या त्रासावरच्या औषधाने माणसे दगावावीत, हे अक्षम्यच होते. पुढे हृदयाशी संबंध नसलेल्या नव्या औषधांचीही ईसीजीवरची परिणाम-चाचणी करण्याचा जो आग्रह धरला गेला, त्यामागे अशाच घटना होत्या.

1990 च्या दशकाच्या अखेरीस टोल्टेरोडिन आणि 2004 मध्ये अमेरिकेत सोलिफेनॅसिन, डॅरिफेनॅसिन ही नवी औषधे आली. तोंडाची कोरड कमी झाली, संपली नाही. याच काळातल्या एका अभ्यासाकडे मात्र हवे तेवढे लक्ष गेले नाही. 1998 मध्ये अमेरिकेत 197 ज्येष्ठ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत, लघवीची कळ आल्यावर धावत न सुटता ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून ती ओसरू देण्याच्या शिक्षणाने लघवी निसटण्याचे प्रसंग सुमारे 81 टक्क्यांनी घटले, तर ऑक्सिब्युटिनिनने सुमारे 69 टक्क्यांनी.

अमेरिकेने 2013 मध्ये ऑक्सिब्युटिनिनचा पॅच स्त्रियांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेण्याची परवानगी दिली. दोनच वर्षांनी सिॲटल भागातील 3,434 ज्येष्ठांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲसिटिलकोलिन अडवणारी औषधे दीर्घकाळ, जास्त प्रमाणात घेतलेल्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. दररोज 5 मिलिग्रॅम ऑक्सिब्युटिनिन तीन वर्षांहून अधिक काळ, इतका डोस त्या वरच्या गटात बसत होता. 2019 च्या नॉटिंगहॅमच्या मोठ्या अभ्यासातही मूत्राशयाच्या या औषधांबाबत तसाच संबंध दिसला. औषधानेच स्मृतिभ्रंश होतो, हे अशा निरीक्षणांवरून सिद्ध होत नाही. पण सत्तरीतल्या रुग्णाला या गोळ्या वर्षानुवर्षे पुढे चालू ठेवायला सांगणे आता समर्थनीय उरलेले नाही.

मिराबेग्रॉन या औषधाने वेगळा रस्ता धरला. ते आकुंचनाचा आदेश अडवत नाही; मूत्राशय सैल करणाऱ्या, पेशींवरच्या बीटा-3 ग्राहकांना चेतवते. जपानमध्ये 2011 मध्ये आणि अमेरिकेत 2012 मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण 2015 मध्ये युरोपात इशारा निघाला: रक्तदाब 180/110 किंवा त्याहून जास्त असून आटोक्यात नसेल, तर हे औषध देऊ नये.

चिठ्ठी लिहिण्याआधीच्या आजच्या चौकशीत हा सारा अनुभव उतरला आहे. आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना, हे पाहिले जाते. ॲट्रोपिनच्या गटातली औषधे अरुंद कोनाच्या काचबिंदूत किंवा लघवी अडत असल्यास देत नाहीत. बद्धकोष्ठता आणि प्रोस्टेटचा त्रास विचारला जातो. घाम कमी झाल्याने उष्माघाताचा धोका वाढतो, त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात विशेष जपावे लागते. सर्दीच्या, झोपेच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्याही ॲसिटिलकोलिन अडवतात आणि सगळ्यांचा भार एकत्र पडतो. म्हणून घरात चालू असलेली प्रत्येक गोळी, स्वतःहून दुकानातून आणलेलीसुद्धा, डॉक्टरांना दाखवावी.