नैराश्य व बायपोलर विकार : दिव्यांग प्रमाणपत्र आणि शासकीय अर्थसाहाय्य

तीव्र नैराश्य किंवा बायपोलर विकार हा कायद्याच्या दृष्टीने दिव्यांगत्वाचा विषय ठरू शकतो, हे आपल्या पुष्कळ कुटुंबांना ठाऊक नसते. पाय गमावलेल्या माणसाला शासन मदत करते हे सर्वजण जाणतात. मात्र महिनोन्महिने अंथरुणातून उठू न शकणारा तरुण घरात आळशी ठरतो. त्यासाठी मुळशी तालुक्यातील नेरे गाव डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती आम्ही देत आहोत.

मानसिक आजाराचा उल्लेख १९९५ च्या कायद्यातही होता. त्याच्या जागी आलेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यातील २१ प्रकारांत मानसिक आजार आहेच, आणि त्याच्या व्याख्येत विचार, आकलन व स्मृती यांच्याबरोबर मनाच्या भावावस्थेतील मोठा बिघाडही स्पष्टपणे घेतला आहे. बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते.

हे टक्के आजाराच्या नावावरून ठरत नाहीत. 'आयडियाज' या भारतीय मोजपट्टीनुसार चार बाबी पाहिल्या जातात : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व समज, आणि काम. आजार किती काळापासून आहे याचेही गुण धरतात. येथेच आपली माणसे फसतात. भावावस्थेचा विकार चढउताराचा असतो. तपासणीच्या दिवशी रुग्ण आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून येतो, नीट बोलतो. आईही लाजेपोटी 'आता बरा आहे' असे सांगते. डॉक्टरांपुढे तेवढेच उरते. अतिशयोक्ती मुळीच करू नये, परंतु वाईट दिवसही झाकू नयेत. कितीदा नोकरी सुटली, किती दिवस जेवण-आंघोळ टळली, रुग्णालयात केव्हा ठेवावे लागले, हे तारखांसह लिहून न्यावे. सोबत उपचारांचे जुने कागद आणि रोज जवळ राहणारी व्यक्ती असावी.

अर्ज केंद्र शासनाच्या 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करायचा असतो. औंध येथील जिल्हा रुग्णालय नेरेकरांना सोयीचे आहे. अर्जापूर्वी नावे जुळवून घ्यावीत. आपल्याकडे बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरेच नाव असते, आणि एवढ्यावरून कागद परत येतात. दिलेले टक्के मान्य नसतील तर अपील करण्याचा हक्क कायद्याने दिला आहे.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे पैसे सुरू झाले, असे नव्हे. दरमहा साहाय्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा वेगळा अर्ज लागतो. मुळशीचे तहसील कार्यालय पौडला आहे. म्हणजे रुग्णालय एका दिशेला, कचेरी दुसऱ्या. अर्जदाराचे वय १८ ते ६५ असावे आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य असावे. दिव्यांगांसाठीची रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. तथापि दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५०,००० रुपये, म्हणजे महिन्याला ४,२०० रुपयांहूनही कमी आहे. शेजारच्या हिंजवडीत सुरक्षारक्षक असलेल्या पतीचा पगारही त्यात बसत नाही. ही मर्यादा आम्हास अन्यायकारक वाटते.

उत्पन्न जास्त असले तरी प्रमाणपत्र काढावेच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करावयाचा असतो. त्यातून काय मिळते हे ग्रामसेवकांना विचारावे. शासकीय नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणातही मानसिक आजार आहे. मात्र 'निरामय' आरोग्य विमा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठीच आहे. त्यासाठी येथे हेलपाटे घालू नयेत.

प्रमाणपत्र तात्पुरते असल्यास त्यावरील मुदतीची तारीख घरातील दिनदर्शिकेवर नोंदवून ठेवावी आणि ती संपण्याच्या काही महिने आधीच फेरतपासणीचा अर्ज करावा. दरम्यान उपचार थांबवू नयेत. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्री-अपरात्रीही लागतो.