मयताची मालमत्ता आणि मंडळीची साक्ष : कानडा प्रांतातील एक इतिहास

उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या दाट रानात गुंद हे गाव आहे. या तालुक्यास पूर्वी सुपे तालुका म्हणत. काळी नदीवरील धरणाच्या पाण्याखाली जुने सुपे गेले आणि ते नावही मागे पडले. पश्चिमेस गोव्याची हद्द. घरात कोकणी, देवघेवीत मराठी आणि सरकारी दप्तरात कानडी, अशी या मुलखाची रीत आहे. अशा मुलखातील एखादा ख्रिस्ती गृहस्थ मृत्युपत्र न करता निवर्तला, तर त्याची बागायत, त्याचे घर व त्याची शिल्लक कोणत्या कायद्याने वाटली जावी, हा प्रश्न वरवर वकिलांचा वाटतो. परंतु वाद प्रथम येतो तो वकिलाकडे नव्हे, पाळकाच्या किंवा धर्मशिक्षकाच्या दारी; आणि पुष्कळदा दुखवट्याच्या दिवसांतच येतो. म्हणून या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहोत.

प्रथम राज्यकारभाराची थोडी उजळणी करावी लागेल. १८६२ सालापर्यंत हा मुलूख मद्रास इलाख्यात होता. त्या वर्षी उत्तर कानडा मुंबई इलाख्यास जोडण्यात आला व दक्षिण कानडा, म्हणजे मंगळूरकडील भाग, मद्रासकडेच राहिला. १९५६ साली दोन्ही भाग म्हैसूर राज्यात पुन्हा एकत्र आले. मंडळीच्या हद्दी मात्र निराळ्या चालीने बदलल्या. कॅथलिक धर्मप्रांतांपुरते बोलावयाचे तर १९५३ साली बेळगावचा व १९७६ साली कारवारचा धर्मप्रांत स्थापन झाला. त्यापूर्वी या भागाचे धर्मकार्य गोव्याकडून चाले. सरकार एकीकडचे आणि धर्माधिकार दुसरीकडचा, अशा स्थितीत लोकांनी 'आमची रीत' म्हणून जे धरून ठेवले, त्यात कायदा किती व सवय किती, हे कोणी फारसे तपासले नाही.

ज्या खटल्याने हा विषय प्रथम ऐरणीवर आणला तो याच मद्रास इलाख्यातील, बेल्लारीचा होय. मॅथ्यू अब्राहम हा पूर्वास्पृश्य वंशातील ख्रिस्ती गृहस्थ. लष्करी कोठारातील साध्या नोकरीपासून त्याने सुरुवात केली, दुकान काढले, पुढे दारूच्या पुरवठ्याचा मक्ता घेतला व मोठी संपत्ती मिळविली. (मक्ता दारूचा होता ही गोष्ट आमच्या काही वाचकांस रुचणार नाही, पण इतिहास आपल्या सोयीने धुऊन घेता येत नाही.) त्याची पत्नी शार्लट ही मिश्र वंशाची, त्या काळच्या भाषेत 'ईस्ट इंडियन' होती. १८४२ साली मॅथ्यू मृत्युपत्र न करता वारला. धंदा त्याचा भाऊ फ्रान्सिस चालवू लागला. पुढे दीर आणि भावजय यांच्यात वाद पेटला. फ्रान्सिसचे म्हणणे असे की, आम्ही बाप्तिस्मा घेतलेल्या वंशातले असलो तरी वहिवाटीने अविभक्त हिंदू कुटुंबच आहो. म्हणून ही मिळकत एकट्या मॅथ्यूची नव्हे, उभयतां भावांची. शार्लटचे म्हणणे असे की, संपत्ती माझ्या पतीची व तिचे वारस मी व माझे मुलगे.

तत्पूर्वी, १८५० च्या एकविसाव्या कायद्याने एक गोष्ट ठरविली होती : धर्म बदलल्यामुळे किंवा जातीबाहेर पडल्यामुळे कोणाचा वारसाहक्क बुडणार नाही. परंतु त्या कायद्याचा रोख धर्मांतरित मनुष्य आणि त्याचे हिंदू नातलग यांच्यातील वादावर होता. ख्रिस्ती दीर आणि ख्रिस्ती भावजय यांच्यामध्ये कोणता कायदा लावावा, याचे उत्तर त्यात नव्हते.

खटला बेल्लारीच्या कोर्टातून मद्रासच्या सदर अदालतीत व तेथून विलायतेस प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. निकाल १८६३ साली झाला. न्यायाधीशांनी सांगितले की, मनुष्य ख्रिस्ती झाला की अविभक्त हिंदू कुटुंबाचे बंधन त्याच्यापुरते तुटते. मात्र त्याने इच्छिल्यास तो जुना कायदा पुढेही पाळू शकतो, आणि त्याने काय इच्छिले हे त्याच्या राहणीवरून ओळखावे. मग मॅथ्यूच्या घरची राहणी पाहण्यात आली. पोशाख कोणता, जेवण कसे, ऊठबस कोणाशी, यांच्या साक्षी झाल्या. घर ईस्ट इंडियन रीतीचे ठरले व तत्त्वाचा मुद्दा शार्लटच्या बाजूने लागला.

या निकालाची पाठ्यपुस्तकांतून स्तुती आढळते. आम्हांस मात्र त्यात एक खोच दिसते. शार्लटचा हक्क तिच्या पतीच्या कोटावर आणि मेजावर ठरला. तिचा पती धोतर नेसणारा व जमिनीवर पान मांडून जेवणारा ख्रिस्ती असता, तर त्याच न्यायाने तिचा हक्क दिराच्या घरात विरून गेला असता. म्हणजे खेड्यातील ख्रिस्ती विधवेस या निकालाने फारसे काही दिले नाही.

जे दिले ते दोन वर्षांनी झालेल्या कायद्याने. १८६५ चा भारतीय वारसा कायदा १ जानेवारी १८६६ पासून अमलात आला. हिंदू, मुसलमान व बौद्ध यांना त्यातून वगळले होते; ख्रिस्ती लोकांना वगळले नव्हते. विधवेस एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना, आणि मुलांमध्ये पुत्र व कन्या असा भेद नाही, हा त्याचा गाभा होता. १९२५ च्या कायद्यात तोच उतरला. विधवेचा हिस्सा तिचा स्वतःचा. तिने पुनर्विवाह केला म्हणून तो परत जात नाही. या तारखेकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधतो. हिंदू कन्येस एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राबरोबर जन्मसिद्ध हक्क कर्नाटकात १९९४ साली व सर्व देशभर २००५ साली मिळाला. ख्रिस्ती कन्येच्या समान वाट्याचा शब्द कायद्यात १८६६ पासून लिहिलेला आहे.

लिहिलेला होता, पण कोर्टांनीही तो एकाच रीतीने वाचला नाही. मंगळूरकडील टेलिस विरुद्ध सालढाणा या खटल्यात पक्षकार ब्राह्मण वंशातून आलेले कॅथलिक होते. मद्रास हायकोर्टाने १८८६ साली ठरविले की, नव्या कायद्यानंतर ख्रिस्ती लोकांत एकत्र कुटुंबाची सहदायादी चालणार नाही. वीस वर्षांनी, १९०६ साली, फ्रान्सिस घोसाल विरुद्ध गाब्री घोसाल या खटल्यात मुंबई हायकोर्टाने उलट मत दिले : कायदा मयताच्या मिळकतीचे वाटप सांगतो, जे कुटुंब ख्रिस्ती होऊनही एकत्रच राहिले त्याची सहदायादी तो मोडीत नाही. उत्तर कानडा तेव्हा मुंबईच्या अमलात होता. परिणाम असा की, एके काळच्या एकाच कानडा जिल्ह्याच्या दोन तुकड्यांत ख्रिस्ती कुटुंबास दोन न्याय झाले.

हा भेद कागदी नव्हता. समजा, एका गृहस्थाची नऊ एकर जमीन आहे आणि मागे विधवा, दोन मुलगे व एक मुलगी आहे. वारसा कायद्याप्रमाणे विधवेस तीन एकर व प्रत्येक अपत्यास दोन एकर. त्या काळच्या सहदायादीच्या रीतीने दोन्ही मुलगे साडेचार-साडेचार एकर घेतील. विधवेस अन्नवस्त्र व मुलीस लग्नाचा खर्च. हद्द ओलांडून गोव्यात गेले, तर तेथे १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. वेगळा विवाहकरार नसेल तर पती-पत्नीची मिळकत समाईक धरली जाई; म्हणून साडेचार एकर पत्नीचे मूळचेच, आणि उरलेल्या साडेचारांत तिन्ही अपत्यांस दीड-दीड एकर. जमीन तीच, विधवा तीच. पण रानातील एक रेषा ओलांडली की तिच्या पदरी साडेचार एकर, तीन एकर किंवा काहीच नाही.

१९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने कमावती विरुद्ध दिग्बिजय सिंग या खटल्यात निर्णय दिला की, ख्रिस्ती झालेल्या हिंदूचा वारसा १८६५ च्या कायद्यानेच ठरेल; जुना कायदा निवडण्याची मुभा आता उरली नाही. बेल्लारीच्या निकालातील राहणीचा प्रश्न वारशापुरता तेथे संपला. त्रावणकोरात मात्र १९१६ चा वेगळा ख्रिस्ती वारसा कायदा होता. त्याने मुलीस मुलाच्या वाट्याचा चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांतील जे कमी तेवढेच दिले. मेरी रॉय यांच्या खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्प्रभ ठरविला.

गोव्याच्या कायद्याची गोष्ट आमच्या सीमाभागास विशेष लागू पडते. मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तो चालू राहिला. त्यातील वारशाचा भाग नव्या रूपात २०१६ पासून अमलात आला. एका गोमंतकीय गृहस्थाने मुंबईतील आपले घर मृत्युपत्राने एकाच मुलीस दिले होते. पोर्तुगीज संहितेप्रमाणे अर्धी मिळकत मुलांसाठी राखीव असते व ती मृत्युपत्राने काढून घेता येत नाही. तेव्हा मुंबईतील घरास हा निर्बंध लागू होतो काय, असा वाद उत्पन्न झाला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, होय. गोव्याच्या अधिवासी मनुष्याची मिळकत भारतात अन्यत्र असली तरी तिला हाच कायदा लागू. जोयडा तालुक्यात जमीन असलेले आणि अधिवासाने गोव्याचे असलेले कुटुंब आपल्या मंडळीत असेल, तर हे त्यास सांगितले पाहिजे.

आता आमच्याविषयी, म्हणजे मंडळीच्या सेवकांविषयी. १९२५ च्या कायद्याच्या ११८ व्या कलमात असे होते की, ज्याला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे त्याने धर्मकार्यास मिळकत द्यावयाची, तर मृत्युपत्र मरणापूर्वी किमान बारा महिने केलेले असावे व सहा महिन्यांच्या आत ते सरकारी दप्तरात ठेवलेले असावे. या कलमाचे मूळ इंग्लंडातील जुन्या भयात आहे : मरणाऱ्याच्या उशाशी बसलेला धर्मगुरू वारसांचे घर मंडळीच्या नावे करून घेईल. केरळातील फादर वल्लमट्टम यांच्या अर्जावरून २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने, केवळ ख्रिस्ती लोकांवर असे बंधन घालणे हे समतेविरुद्ध असल्याचे सांगून ते कलम रद्द केले. निकाल योग्यच होता. तरी ज्या संशयातून कलम जन्मले तो अगदी निराधार होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. कलम गेले, उशाशी बसण्याचा प्रसंग गेलेला नाही. मंडळीच्या किंवा एखाद्या विश्वस्तनिधीच्या नावे दान लिहून घ्यावयाचे असेल, तर ते धडधाकटपणी आणि मुलाबाळांच्या देखत व्हावे. शिवाय ६७ वे कलम कायम आहे : ख्रिस्ती मनुष्याच्या मृत्युपत्रावर ज्याने साक्ष घातली त्यास, किंवा त्याच्या पत्नीस, त्याच मृत्युपत्राने दिलेले दान मिळत नाही.

साक्षीचा दुसरा प्रसंग याहून सामान्य व आमच्या मते अधिक गंभीर आहे. दफनानंतर, स्मरणप्रार्थनेच्या आगेमागे, बहिणी माहेरी असतानाच एक कागद पुढे येतो. 'माझा वाटा मी भावास संतोषाने सोडला' असा त्याचा आशय असतो, आणि साक्षीदार म्हणून धर्मशिक्षकाची सही मागितली जाते. बहीण नाही म्हणत नाही, कारण माहेरचा दरवाजा तिला उघडा ठेवावयाचा असतो. येथे संतोष किती व भीड किती, हे सही घालणाऱ्यास बहुधा ठाऊक असते. स्थावराचा हक्क सोडणारा लेख नोंदणीवाचून पूर्ण होत नाही, आणि पहाणीपत्रकात एकट्या भावाचे नाव चढले म्हणून बहिणीची मालकी जात नाही, हेही तिला सांगणारा त्या घरात दुसरा कोणी नसतो.

लूकच्या बाराव्या अध्यायात एक मनुष्य प्रभूकडे येऊन, भावाला वतन वाटून द्यावयास सांगा, अशी विनंती करतो व प्रभू वाटणी करणारा होण्याचे नाकारतो. या वचनाचा आधार घेऊन पुष्कळ पाळक अशा वादांत मौन धरतात. पण प्रभू तेथे गप्प राहिला नाही. लगेच त्याने लोभाविषयी इशारा दिला व कोठारे बांधणाऱ्या धनवानाचा दाखला सांगितला. आणि गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादच्या मुली वाटा मागण्यास दर्शनमंडपाच्या दारी आल्या, तेव्हा मोशेने त्यांस रीतीभातीचे कारण सांगून परत पाठविले नाही; त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले व उत्तर त्या मुलींच्या बाजूने आले. वाटणी करणे आणि हक्क सांगणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले आमचे नव्हे. दुसरे टाळता येणार नाही.

यासाठी फार विद्वत्ता लागत नाही. कुटुंबात मृत्यू झाल्यावर पहिल्या भेटीत विधवेस तिचा तिसरा हिस्सा व मुलींस त्यांचा समान वाटा साध्या शब्दांत सांगावा. दुखवट्याच्या दिवसांत कोणत्याही हक्कसोडीच्या कागदावर साक्ष घालू नये. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्या वाळवीपासून जपाव्यात, कारण नाते सिद्ध करण्यास पुष्कळदा तोच एक पुरावा हाती असतो. आणि दूर गावी दिलेली मुलगी उतारा मागावयास आली, तर भावास विचारून मग देऊ, असे न म्हणता तो तिला त्याच दिवशी सही-शिक्क्यानिशी द्यावा.