जलजीवालयाचे परिपक्वन
नव्या जलजीवालयात मासे सोडण्यापूर्वी अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर करणाऱ्या सूक्ष्मजंतूंची पुरेशी वाढ होऊ देण्याची क्रिया. माशांच्या कल्ल्यांतून होणारे उत्सर्जन, उरलेले अन्न व कुजणारी पाने यांमुळे पाण्यात अमोनिया साठतो. तो माशांना विषारी असून पाण्याचे पीएच मूल्य व तापमान वाढल्यास त्याची विषारिता वाढते. त्यामुळे नितळ दिसणारे पाणीही घातक असू शकते.

वनस्पतियुक्त जलजीवालयाचे तत्त्व इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–६७) यांनी मांडले. १२ गॅलन मापाच्या काचपात्रात त्यांनी दोन लहान सोनमासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागल्यावर ती खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या व पाणी न बदलता समतोल साधला. हा वृत्तांत १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे आला. वनस्पती ऑक्सिजन पुरवितात व मासे कार्बन डाय-ऑक्साइड, असे या समतोलाचे स्पष्टीकरण होते. ते खरे असले, तरी अपुरे होते. नायट्रोजनयुक्त टाकाऊ द्रव्यांचे काय होते, याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

तो उलगडा सांडपाणी व शेतजमीन यांच्या अभ्यासातून झाला. १८७७ मध्ये श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून सांडपाणी झिरपविले. सुमारे २० दिवस अमोनियात बदल झाला नाही. नंतर नायट्रेट दिसू लागले. क्लोरोफॉर्मच्या बाष्पाने ही क्रिया थांबली व माती मिसळलेले थोडे पाणी घातल्यावर कालांतराने पुन्हा सुरू झाली. यावरून ती सजीवांकडून घडते, हे सिद्ध झाले. वॉरिंग्टन यांचे पुत्र व नामसाधर्म्य असलेले कृषिरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन (१८३८–१९०७) यांनी रॉथॅम्स्टेड येथे पुढील संशोधन केले. अमोनियापासून नायट्राइट व नायट्राइटापासून नायट्रेट हे दोन टप्पे भिन्न सूक्ष्मजंतू घडवितात, असे त्यांनी दाखविले. मात्र ते सूक्ष्मजंतू शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात १८९० मध्ये यश आले, ते सर्गेई विनोग्राडस्की यांना. पित्याच्या पात्रातील जे कार्य अज्ञात राहिले होते, ते अशा रीतीने पुत्राच्या संशोधनामुळे स्पष्ट झाले.

हे सूक्ष्मजंतू सावकाश वाढतात. म्हणून नव्या जलजीवालयात प्रथम अमोनिया, मग नायट्राइट वाढते व शेवटी नायट्रेट साठते; यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात. नायट्राइट रक्तातील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजनवहनाची क्षमता घटविते. पूर्वी या काळात काटक मासे ठेवीत. त्यांतील अनेक दगावत. पुढे माशांऐवजी अमोनिया मोजून घालण्याची पद्धत रूढ झाली. जुन्या जलजीवालयाच्या गाळणीतील द्रव्य घातल्यास काळ कमी होतो. श्लोसिंग-म्युंट्झ प्रयोगातील मातीचे कार्यही हेच होते. दाट वाढलेल्या वनस्पती अमोनिया थेट शोषून घेतात. पण नव्याने लावलेल्यांची पाने गळून कुजल्यास त्यात भरच पडते.

गोड्या पाण्याच्या जलजीवालयांत नायट्राइटाचे ऑक्सिडीभवन मुख्यतः नायट्रोस्पायरा प्रजातीकडून होते, असे १९९८ मध्ये दिसून आले. तोवर हे कार्य नायट्रोबॅक्टरचे मानले जात असे. नायट्रोस्पायरातील काही जाती दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करतात, हे २०१५ मध्ये आढळले व दोन टप्प्यांसाठी दोन भिन्न सूक्ष्मजंतू लागतातच, ही समजूत मागे पडली. व्यवहारातील कसोटी मात्र बदललेली नाही : घातलेला अमोनिया सुमारे एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही आढळत नसेल, तरच नाजूक मासे सोडणे योग्य ठरते.